दातांची हजेरी

तांबोळी गुरुजी नव्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. मी टाकळदऱ्याच्या शाळेत रुजू व्हायला गेले तेव्हा माझ्या एका हातात ऑर्डर होती आणि दुसऱ्या हातात वळकटी होती. हेडमास्तरांच्या खुर्चीतून उठलेल्या त्या उंच, काटकुळ्या माणसानं ऑर्डर घेतली, घडी न उलगडताच टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "बाई, जरा हसा बरं."

मी लातूरच्या किराणा दुकानदाराची लेक. आमच्याकडे मुलीनं चारचौघांत दात काढलेले खपत नसे, आणि इथे हा परका गृहस्थ पहिल्याच भेटीत हसायला सांगतोय. त्यात मी तोंडाची फटकळ. "हसण्यासारखं काय झालंय?" असं मी ताडकन विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, नका हसू. पण वरची डावी दाढ दुखून राहिली ना? बोलताना तुमची जीभ घडीघडी तिकडंच जाऊन राहिली."

दाढ चार दिवसांपासून दुखत होती. घरी सांगितलं नव्हतं, कारण लग्नाआधी दाढ काढली तर पाहुणे काय म्हणतील, हे आईचं उत्तर मला पाठ होतं. गुरुजींनी खणातून लवंगेच्या तेलाची बाटली काढली, कापसाचा बोळा माझ्या हातावर ठेवला आणि मग कुठे ऑर्डर वाचली. अहमदपूरच्या पुढे, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेल्या त्या गावात माझी नोकरी अशी सुरू झाली.

गुरुजी मूळ उदगीरचे. तिथे त्यांच्या वडिलांची पानपट्टी होती. घरात जन्मलेलं पोर चालायला लागायच्या आधी पानाचा तुकडा चघळायचं, असं ते सांगत. पस्तिशीच्या आत त्यांचे सगळे दात गेले आणि कवळी आली. "आमच्या अब्बानं अर्ध्या उदगीरचे दात लाल केले, बाई. अन् मी हितं टाकळदऱ्याचे पांढरे करत बसलोय." तोंडात स्वतःचा एकही दात नसलेला हा माणूस रोज पहाटे नमाजाआधी मात्र रिकाम्या हिरड्यांवरून कडुलिंबाची काडी फिरवायचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "घर पडलं म्हणून अंगण झाडायचं सोडत्यात का?"

पहिलीत नवीन पोरं आली की गुरुजींचा पहिला धडा ठरलेला. पोरांना गोल बसवायचे, काही न बोलता तोंडात हात घालायचे आणि वरची-खालची कवळी काढून तळहातावर ठेवायची. पोरांची बोबडी वळायची. मग बोळक्या तोंडानं गुरुजी सांगत, "हे दात गुरुजीचे न्हाईत. दुकानातले हाईत. ह्या दातानं ऊस सोलता येत न्हाई, फुटाणे फुटत न्हाईत, अन् मारामारीत कुणाला चावताबी येत न्हाई." शेवटचा मुद्दा पोरांना नेमका पटायचा. एक पोरगी मात्र घरी पळून गेली होती. आता गुरुजी डोकंही काढून ठेवतील असं तिला वाटलं होतं.

प्रार्थना झाली की दातांची हजेरी. पोरं रांगेत उभी राहून 'आऽऽ' करायची. शाळेसमोरून जाणाऱ्या म्हशीही कधी कधी त्यात सूर मिसळायच्या. गुरुजींनी दातांना नावं दिली होती. समोरचे चार पाटील, कारण ते नुसते दिसायला. त्यांच्या बाजूचे सुळे म्हणजे कोतवाल. आणि मागच्या दाढा हमाल. "सगळं काम हमाल करतो, अन् त्याला कुणी इचारत न्हाई. म्हणून कीड आधी त्याच्या घरात शिरते." काडीच्या टोकानं हमाल तपासून ते एका लांबट वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढे चौकोन काढायचे. चांगला दात कोरा, किडका दात काळा. गूळ किंवा रेवडी खाऊन चूळ न भरलेलं पोर त्यांना वासावरून कळायचं. विटकरीच्या भुग्यानं दात घासणाऱ्याला ते वर्गाबाहेर उभं करायचे. स्वतः मीठ आणि वस्त्रगाळ कोळसा यांची पूड करून पुड्या वाटायचे. "हलक्या हातानं. भांडं घासून न्हाई राहिलो आपण," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही सकाळी आरशासमोर उभी राहिले की ऐकू येतं.

पोरं ऐकायची, आया ऐकायच्या नाहीत. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका मिश्री लावायच्या, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून. पोराची दाढ ठणकली की त्याच्याही हिरडीवर बोटभर चोळायच्या. पोर गरगरून झोपी जायचं आणि आईला वाटायचं, औषध लागू पडलं. गुरुजी दारोदार जाऊन सांगायचे. बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून "न्हाई वो गुरुजी, आमी कुठं लावताव लेकराला" म्हणायच्या आणि त्याच वेळी मागच्या पोराच्या ओठावर काळी रेघ दिसत असायची. दुसरा वाद दुधाच्या दातांचा. पडणाऱ्याच दाताची एवढी उठाठेव कशाला, हा बायकांचा सवाल. त्यावर गुरुजींचं उत्तर होतं, "पाव्हणा जाणारच हाय म्हणून त्याला चहा देत न्हाईत का तुम्ही? त्याच्याच जागेवर उद्या घरधनी येऊन बसणार हाय."

अशी मजेत चालली होती आमची शाळा.

मग जिल्हा नवा झाला. इतके दिवस आमचे कागद उस्मानाबादला जायचे, आता लातूरला जाऊ लागले. गावाला वाटलं, जिल्हा जवळ आला म्हणजे सरकार जवळ आलं. आणि पाठोपाठ पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. गावच्या आडात खडक दिसायला लागला. बायका खाली उतरून वाटीनं पाणी भरायच्या, ते गाळलं तरी ताकासारखं दिसायचं. कडुलिंबाचा पाला शेळ्यांना घालून झाडं बोडकी झाली, तेव्हा दातणाला काडीही मिळेना.

अशातही गुरुजींची चूळ बंद झाली नाही. प्रत्येक पोरानं दुपारच्या भाकरीनंतर एक घोट पाणी तोंडात घोळवायचं आणि शाळेमागच्या दोन रोपांच्या आळ्यात थुंकायचं. हे कळलं तशा बायका शाळेत आल्या. "हितं घशाला कोरड पडली, अन् तुम्ही चुळा भरायला लावून राहिलाव?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "माझ्या वाटचं हाय ते. मी न्हाई पीत शाळेत." ते खरं होतं. गुरुजी दिवसभर पाणी पीत नसत. मला वाटायचं, रोजे असतील. रोजे केव्हाच संपले होते.

त्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली आणि आठवड्यात दोन पोरं गेली. दोन्ही पहिलीतली. दुसऱ्या पोराच्या मातीवरून आल्यावर गुरुजींनी वहीतली त्याची पानं काढून बघितली. सगळे चौकोन कोरे होते. "दात चांगले होते हो, बाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते लातूरला गेले, गावाला हापसा मागायला.

नव्या जिल्ह्यातली कचेरीही नवी. टेबलं आलेली, खुर्च्या यायच्या होत्या. गुरुजी तीन दिवस बाहेर बसून राहिले. अर्ज कारकुनाच्या टेबलावर होता आणि कारकून गाल धरून बसला होता. कुणी काही विचारलं की त्याच्या अंगावर खेकसायचा. तिसऱ्या दिवशी गुरुजी उठले आणि टेबलाजवळ जाऊन म्हणाले, "साहेब, तोंड उघडा." कारकून इतका बेजार होता की त्यानं खरंच उघडलं. अक्कलदाढ होती. गुरुजींनी खिशातून लवंगतेल काढलं, बोळा बसवला, समोरच्या टपरीवरून मिठाचं गरम पाणी आणून चुळा भरायला लावल्या. दुपारी कारकून माणसात आला आणि त्यानं टाकळदऱ्याचा कागद ढिगातून काढून सगळ्यात वर ठेवला. "एका दाढेनं हापसा आणला!" ही गोष्ट पुढे गुरुजी कुणालाही सांगायचे. माझ्यासमोर तर शंभरदा सांगितली असेल.

बोअरची गाडी आली तेव्हा गाव रात्रीपासून जागं. मशीन दुपारपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडवत होतं. मग चिखल आला, मग पाणी. बायका रडल्या. सरपंचांनी नारळ फोडला आणि पहिला तांब्या गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, कवळीत घोळवला, गिळला आणि ओरडले, "गोड हाय!" त्याच आठवड्यात गावातल्या काशीबाईला मुलगी झाली, तिच्या तोंडात मधाच्या बोटाबरोबर हापशाचं पाणी गेलं. तिचं नाव रुक्मिण. ती पुढे आमच्या शाळेत आली.

नंतरची वर्षं चांगली गेली. हगवण थांबली. आणखी एक गोष्ट घडली, गुरुजींच्या वहीतले काळे चौकोन कमी होत गेले. ते दर उन्हाळ्यात वही मला दाखवायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या शाळेच्या दाढा बघितल्या आणि म्हणाले, तालुक्यात अशी शाळा नाही. गुरुजी त्या दिवशी पोरासारखे खूश होते. रुक्मिण त्यांची लाडकी. पहिलीत आली तेव्हा तिचे सगळे चौकोन कोरे. खुदकन हसायची, आणि हसली की गुरुजी म्हणायचे, "हिचे पाटील बघा, बाई, पाटील!"

दुसरीत तिचे ते दुधाचे पाटील पडले. आमच्याकडे पडलेला दात शेणात गुंडाळून पत्र्यावर फेकतात आणि उंदराला सांगतात, तुझे दात मला दे. रुक्मिणनं तेही केलं. दोन-तीन महिन्यांनी नवे दात हिरडीतून वर आले, ते खडूसारखे निस्तेज आणि मधोमध तपकिरी पट्टा असलेले. सकाळच्या हजेरीला गुरुजींनी ते बघितले आणि त्यांची काडी थांबली.

"कुणी लावली मिसरी?"

"न्हाई गुरजी."

"खरं सांग, बेटा. आईनं लावली?"

"न्हाई गुरजी."

गुरुजींनी काशीबाईला बोलावणं धाडलं. ती शेतातून तशीच आली, हाताला माती. तिचे स्वतःचे दात मिश्रीनं काळे होते, ते लपवायला तिनं पदर तोंडावर धरला. "म्या लावते, गुरुजी. खोटं न्हाई बोलत. पर ह्या लेकराला एक बोटबी न्हाई लावलं. महादेवाची आन." गुरुजींनी आयांच्या अशा शपथा आधी पुष्कळ ऐकल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या निघाल्या होत्या. त्यांना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

ते पायरीवर बसले. रुक्मिणला समोर घेतलं. फडक्यावर मीठ-कोळशाची पूड घेतली आणि तिचे नवे दात घासायला लागले. आधी हलक्या हातानं, मग जोर लावून. सगळी शाळा बघत होती. "निघंल, बेटा. आत्ता निघंल बघ." पोरगी रडली नाही. तिनं गुरुजींची बाही घट्ट धरून ठेवली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. फडकं लाल झालं. पट्टा तसाच. शेवटी काशीबाईनं पोरीला ओढून घेतलं. "पुरे करा, गुरुजी! काय दगड घासून राहिलाव का?" ती पोरीला घेऊन गेली, आणि पोरं आपापल्या वर्गात जाऊन बसली. मी गुरुजींना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

महिनाभरात त्याच वर्गातल्या आणखी पाच-सहा पोरांचे नवे दात तसेच आले. एकाची आई तर मिश्री लावणारीच नव्हती. तेव्हा गुरुजी घाबरले. त्यांनी रुक्मिणला आणि दोन पोरांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरवलं. सोबत पोरगी होती म्हणून मलाही यायला सांगितलं. काशीबाई आधी पोरीला सोडायलाच तयार नव्हती. मी येते म्हटल्यावर सोडलं.

दातांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिघांची तोंडं उजेडात बघितली आणि विचारलं, "गावात पाणी कुठलं पितात?"

"हापशाचं," गुरुजी म्हणाले. "सात वर्षं झाली. मीच आणला." आणि सवयीनं ते कारकुनाच्या दाढेची गोष्ट सांगायला लागले. डॉक्टरांनी ती पुरी ऐकून घेतली. हे मला अजून आठवतं, कारण त्यांना पुढे काय सांगायचंय ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"गुरुजी, हा मळ नाही. मिश्री नाही. खोल बोअरच्या पाण्यात कधी कधी फ्लोराईड जास्त असतं. नवे दात हिरडीच्या आत तयार होत असतात, अगदी तान्हेपणापासून सात-आठ वर्षांपर्यंत. त्या काळात पोटात गेलेलं पाणी दातात उतरतं. पाणी तपासून घ्यावं लागेल, पण मला दुसरं काही वाटत नाही."

"घासून?"

"घासून जाणार नाही. दात बनलाच तसा आहे."

"म्या घासले," गुरुजी म्हणाले. "रगत येईस्तोवर घासले."

गुरुजींनी पिशवीतून वही काढली. "पण साहेब, आमच्या शाळेतली कीड कमी झाली. हे बघा. दरसाल कमी झाली."

"होणारच. हेच फ्लोराईड थोडं असलं तर दाताला कीड लागू देत नाही. जास्त झालं की असं करतं. तुम्ही पोरांना चूळ भरायला लावत होता, त्याचाही उपयोग झालाच असेल."

किती झाला असेल, हे गुरुजींनी विचारलं नाही. पाणी उकळून प्यायलं तर, असं मी विचारलं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसरं पाणी द्या, एवढाच उपाय. परतीच्या गाडीत रुक्मिण माझ्या मांडीवर झोपली. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. शिरूर मागे पडल्यावर म्हणाले, "कीड असती, बाई, तर माझ्यापाशी तेल तरी होतं."

गावात उतरल्यावर ते आधी काशीबाईच्या दारात गेले. टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही खरं बोलत होता, काशीबाई. माझंच चुकलं. हे पाण्यानं झालंय. हापशाच्या."

काशीबाईला कसला आनंद झाला नाही. तिनं विचारलं, "मंग आता?"

गुरुजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. तसेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी हापशाच्या दांड्याला साखळी बांधून कुलूप लावलं. मला विचारलं असतं तर मी अडवलं असतं. तासाभरात घागरींची रांग लागली आणि बायकांनी शाळेत येऊन गुरुजींना घेरलं. आड तेव्हाही कोरडाच होता. काशीबाई पुढे होती. "लेकरं हगवणीनं गेली तवा तुम्हीच म्हणालाव हापशाचं प्या. आता म्हणताव पिऊ नगा. मंग काय तुमचं लवंगाचं तेल प्यावं का आमी?" गुरुजींनी खिशातून किल्ली काढली, स्वतः जाऊन कुलूप उघडलं आणि साखळी खांद्यावर टाकून परत आले. त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही.

पाण्याची बाटली तपासायला गेली, तिचा कागद सहा महिन्यांनी आला. त्यात डॉक्टर म्हणाले तेच होतं. चांगलं पाणी होतं, पण ते नाल्यापलीकडच्या गावातल्या एका विहिरीत. तिथून नळ आणावा म्हणून गुरुजींनी अर्ज केला. उत्तर आलं, विहीर नांदेड जिल्ह्यात आहे, तुमचं गाव लातूर जिल्ह्यात आहे, तेव्हा दोन्हीकडची संमती लागेल. पाण्यालाही जिल्हा असतो हे मला तेव्हा कळलं. गुरुजी आधी लातूरला गेले, मग नांदेडला गेले, मग पुन्हा लातूरला. या खेपेला कुणाची दाढ दुखत नव्हती.

तेव्हा पंचावन्न वर्षांच्या त्या माणसानं सायकलला दोन घागरी बांधल्या. रोज शाळेआधी नाला ओलांडून जायचं, त्या विहिरीचं पाणी आणायचं आणि ज्या घरात तान्हं किंवा दोन-चार वर्षांचं पोर आहे तिथे एकेक तांब्या द्यायचा. सगळ्या गावाला पुरणार नव्हतं. "ज्यांचे दात आले, त्यांचं आता काही होत न्हाई. जे आत बनून राहिलेत, त्यांचं बघू," असं ते म्हणत. दोन महिने हे चाललं. मग एक दिवस ते काशीबाईच्या सासऱ्यांकडे तांब्या द्यायला गेले तर म्हातारा खुशीत म्हणाला, "गुरुजी, पाणी लई झ्याक हाय तुमचं! डाळ शिजती बघा, लोण्यावानी. हापशाच्या पाण्यात दिवसभर चूल जाळली तरी दडस ऱ्हाती." चौकशी केली तर घरोघरी तेच. पोरं हापशाचं पीत होती आणि गुरुजींच्या पाण्यात तूर शिजत होती.

गुरुजींनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं. तेही हसले, आणि मग तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "त्यांचंबी खरं हाय, बाई. दाताला आठ वर्षं लागतात. डाळ तर आजच शिजवायची असते." उन्हाळा लागला तसं पलीकडच्या विहिरीनंही तळ गाठला. मालकानं हात जोडून नाही म्हटलं. सायकल पुन्हा रिकामी फिरू लागली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, ती आता सांगते. मधल्या वर्षांत माझं लग्न झालं होतं आणि माझा मुलगा तेव्हा दीड वर्षांचा होता. मी दर दोन दिवसांनी अहमदपूरहून एसटीनं प्लॅस्टिकचा कॅन भरून आणायचे आणि खोलीत कपड्याखाली झाकून ठेवायचे. गुरुजींना ते माहीत होतं. एकदा तर कॅन त्यांनीच गाडीतून उतरवून घेतला आणि माझ्या दारापर्यंत आणून दिला. माझ्या मुलाचे दात चांगले आहेत. त्याला हसताना बघते तेव्हा आजही मला शरम वाटते.

दातांची हजेरी कुणी बंद केली नाही. प्रार्थना संपली की पोरं सवयीनं रांगेत उभी राहायची, 'आऽऽ' करायची. गुरुजी रांगेच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि म्हणायचे, "बसा." रुक्मिण चौथीनंतर मोठ्या गावच्या शाळेत गेली, तिथली पोरं तिला 'मिसरीवाली' म्हणायची. वर्षभरात तिनं शाळा सोडली. वाटेत गुरुजी दिसले की मूठ तोंडावर धरून बोलायची. "हात काढ, बेटा," असं गुरुजी तिला कधी म्हणाले नाहीत.

ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही अहमदपूरहून फोटोवाला आणला. पोरं तीन रांगांत बसवली, मधे गुरुजी हार घालून. फोटोवाला कपड्याखालून डोकं बाहेर काढून ओरडला, "हसा रे पोरांनो!" जवळजवळ कुणीच तोंड उघडलं नाही. फक्त पहिलीतली दोघं हसली, त्यांचे दुधाचे दात होते. बाकीच्यांनी ओठ मिटले, काहींनी हात तोंडावर नेले. फोटोवाल्याला वाटलं पोरं बुजली. तो पुन्हा ओरडणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "असंच काढा. हसा म्हणू नका." तो फोटो माझ्याकडे आहे. मी तो भिंतीवर लावलेला नाही.

दुपारच्या गाडीनं ते उदगीरला जायचे होते. मी थांब्यापर्यंत सोबत निघाले. हातात एक पिशवी, गळ्यातला हार त्यांनी शाळेतच काढून ठेवला होता. थांबा हापशासमोरच. उन्हामुळे तिथे कुणी नव्हतं, फक्त एक तरुण बाई होती, कुणाची तरी नवी सून. गुरुजींना ती ओळखत नव्हती. तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं आणि ते पाण्यासाठी कळवळून रडत होतं. एका हातानं दांडा दाबून दुसऱ्या हातानं तांब्या धरणं तिला जमत नव्हतं. तिनं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, दोन दांडे मारताव का? लेकराला लई तान लागली."

गुरुजी जागचे हलले नाहीत. रडणाऱ्या पोराच्या उघड्या तोंडात खालचे दोन दात नुकतेच आले होते, पांढरेशुभ्र. गुरुजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लांबून गाडीचा आवाज यायला लागला. पोर रडतच होतं.

"मारा ना मामा," ती म्हणाली.

गुरुजींनी पिशवी माझ्या हातात दिली, पुढे जाऊन दांडा धरला आणि तांब्या भरेपर्यंत हापसत राहिले.